पासपोर्ट कधी रिन्यू करायचा आणि तो खरंच कधीपर्यंत चालतो, बडोदेकरांसाठी सविस्तर

आपल्याकडे लोक पासपोर्ट उघडतात, एक्सपायरी बघतात, अजून आठ महिने आहेत असं म्हणतात आणि परत कपाटात ठेवून देतात. मग मुलगा सिंगापूरहून तिकीट काढून पाठवतो आणि घरात धावपळ सुरू. सोसायटीत बऱ्याच जणांचे फॉर्म भरायला मी बसते म्हणून हक्काने सांगते, छापलेल्या तारखेतून सहा महिने वजा करा आणि जी तारीख येईल तीच शेवटची समजा, आणि रिन्यूचं काम एक्सपायरीच्या एक वर्ष आधीच काढा. सरकार एक वर्ष आधी अर्ज करू देतं ते ह्याचसाठी.

आधी व्हॅलिडिटीचा हिशोब बघू. मोठ्या माणसाचा साधा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. इश्यू १५/०३/२०१७ असेल तर एक्सपायरी १४/०३/२०२७, म्हणजे एक दिवस अलीकडची, हे बघून घ्या कारण लोक इश्यूचीच तारीख धरून चालतात. फोटोच्या पानावर सगळ्यात खाली दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणा आणि इंग्रजी अक्षरं खेटून छापलेली, एअरपोर्टचं मशीन तेच वाचतं. त्यातल्या खालच्या ओळीत एम किंवा एफ शोधा, त्याच्या लगेच पुढचे सहा आकडे म्हणजे एक्सपायरी, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आपल्या उदाहरणात २७०३१४. वरची छापील तारीख आजी-आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नसेल तर हे सहा आकडे मोठे असतात, पटकन सापडतात.

आता सहा महिन्यांची गोष्ट. यूएई, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, म्हणजे आपले लोक जिथे सुट्टीत सगळ्यात जास्त जातात तिथेच हा नियम आहे की पासपोर्टमध्ये किमान सहा महिने शिल्लक पाहिजेत. वरचाच पासपोर्ट घ्या, १४ मार्च २०२७ ला संपणारा. सहा महिने मागे गेलात की १४ सप्टेंबर २०२६ येतं. म्हणजे नवरात्रीनंतर बालीला जायचा प्लॅन असेल तर हा पासपोर्ट हातात असून नसल्यासारखा, आणि तुम्हाला इमिग्रेशनपर्यंतसुद्धा पोचू देणार नाहीत, एअरलाइनचा माणूस चेक-इन काउंटरवरच थांबवतो कारण चुकीच्या माणसाला विमानात बसवलं तर परत आणायचा खर्च एअरलाइनच्या गळ्यात पडतो. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं हेच झालं, रात्री टॅक्सी करून एक्सप्रेसवेनं अहमदाबाद एअरपोर्टला गेल्या, बॅगा वजन करायला ठेवल्या आणि तिथूनच परत, सोबत नातू होता त्याला काय सांगायचं ते कळेना. तिकीट नॉन-रिफंडेबल होतं ते गेलंच.

युरोपचा हिशोब वेगळा आहे. शेंगेन देशांमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये, तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट चालू पाहिजे आणि शिवाय तो मागच्या १० वर्षांत काढलेला पाहिजे, आणि दोन पानं कोरी पाहिजेत. कोरी पानं हा मुद्दा लोक विसरतातच. जे धंद्यानिमित्त सारखे फिरतात त्यांची ३६ पानं १० वर्षांच्या आधीच भरतात, मग तारीख शिल्लक असून उपयोग नाही, अशांनी रिन्यू करताना सरळ ६० पानांचा मागावा, फरक फक्त ५०० रुपयांचा आहे. नेपाळ आणि भूतानला जाताना आपल्याला पासपोर्ट नसला तरी वोटर कार्ड चालतं, तर पशुपतिनाथाला निघालेल्या मंडळींनी उगाच टेन्शन घेऊ नये.

बडोद्यात जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी अमेरिका किंवा कॅनडात आहे म्हणून ह्या दोन देशांचं जरा सविस्तर लिहिते. अमेरिकेचा टूरिस्ट व्हिसा १० वर्षांचा मिळतो आणि बऱ्याचदा पासपोर्ट आधी संपतो आणि व्हिसा चालू राहतो. घाबरू नका, व्हिसा मेला नाही. नवीन पासपोर्ट काढा, जुना पासपोर्ट कॅन्सलचा शिक्का मारून किंवा कोपरा कापून तुम्हाला परत देतात, आणि प्रवासात नवा आणि जुना दोन्ही सोबत ठेवायचे, व्हिसाचं पान फाटलेलं खराब झालेलं नसलं म्हणजे झालं. तो स्टिकर काढून नव्या पासपोर्टवर चिकटवायचा उद्योग मात्र अजिबात करू नका, असा काढलेला व्हिसा बाद होतो. आणि जी मुलं तिकडे एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि इथे लग्नाकार्याला येतात, त्यांनी परत जाताना पासपोर्टची तारीख बघून जा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर तिकडे एंट्रीच्या वेळी आय-९४ वर, म्हणजे तिकडच्या एंट्रीच्या नोंदीवर, राहायची मुदत पासपोर्टच्या तारखेपर्यंतच लिहून देतात असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, व्हिसा पुढे दोन वर्ष असला तरी, आणि ते लक्षात आलं नाही तर पुढे फार निस्तरावं लागतं. कॅनडाचं तर स्पष्टच आहे, स्टडी परमिट आणि वर्क परमिट पासपोर्टच्या एक्सपायरीच्या पुढे देतच नाहीत. म्हणजे मुलाचा कोर्स दोन वर्षांचा आणि पासपोर्ट सव्वा वर्षात संपणार, तर परमिट सव्वा वर्षाचंच येणार, मग तिकडे बसून पासपोर्ट रिन्यू करा, परत परमिटचा अर्ज करा, परत फी भरा. बारावीनंतर बाहेर पाठवायचा विचार असेल तर ऑफर लेटर यायच्या आधीच पासपोर्टचं बघा.

मुलांच्या पासपोर्टचं लोकांना खरंच माहीत नसतं. १८ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, ह्यातलं जे आधी येईल तोपर्यंत. म्हणजे आईबाबांचे पासपोर्ट सोबत काढले असतील तरी पोराचा निम्म्यातच संपतो, आणि सगळं कुटुंब दुबईला निघालं की नेमका ह्याचाच संपलेला निघतो. १५ ते १८ मधल्या मुलांना दोन पर्याय असतात, १८ पर्यंतचा घ्या किंवा मोठ्यांची फी भरून पूर्ण १० वर्षांचा घ्या. माझं मत विचाराल तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा १० वर्षांचाच घ्या, पाचशे रुपये जास्त जातात पण कॉलेजच्या ऐन धावपळीत परत लाइनीत उभं राहावं लागत नाही. मुलांच्या फॉर्मला आईवडील दोघांच्या सहीचं अनेक्शर डी, म्हणजे संमतीचं पत्र, लागतं, ते साइटवरून प्रिंट काढून घरूनच भरून न्या.

आणि कपाटात आजोबांचा हाताने लिहिलेला, फोटो चिकटवलेला जुना पासपोर्ट असेल, २० वर्षांचा वगैरे, तर त्यावर काहीही तारीख असो तो आता प्रवासाला चालत नाही, मशीनने न वाचता येणाऱ्या पासपोर्टची मुदत आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०१५ ला संपली. आठवण म्हणून ठेवा, आणि नव्यासाठी अर्ज करताना सोबत न्या.

आता प्रत्यक्ष फॉर्म. साइट एकच, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन, किंवा मोबाइलवर एमपासपोर्ट सेवा ॲप. गुगलवर सर्च केलं की वर जाहिरातीत सरकारी दिसणाऱ्या बऱ्याच साइट येतात, अशोकस्तंभ वगैरे लावलेल्या, त्या पैसे पण घेतात आणि तुमची माहिती पण घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघितल्याशिवाय काही भरू नका. रजिस्टर करा, लॉगिन करा, फ्रेश किंवा री-इश्यू असं येईल तिथे री-इश्यू घ्या. रिन्यू नावाचं बटण शोधत बसू नका, री-इश्यू म्हणजेच ते. मग कारण विचारतात. मुदत संपत आली असेल किंवा संपून तीन वर्षांच्या आत असेल तर एक पर्याय, तीन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर दुसरा. संपल्यावर दंड बिंड काही नाही, ही अफवा कोण पसरवतं माहीत नाही, पण तीन वर्ष उलटली की मग जवळजवळ नव्यासारखी चौकशी होणार असं धरून चाला. आणि नव्या पासपोर्टमध्ये जुन्याची शिल्लक मुदत जोडून मिळत नाही, नवीन १० वर्ष नव्या इश्यूच्या तारखेपासून मोजतात. म्हणून काही जण शेवटच्या दिवसापर्यंत ताणतात, पण काही महिने वाचवायच्या नादात ट्रिप जाते.

नावाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांना इथेच जास्त त्रास होतो. आपले कागद गुजरातमधले, गुजराती पद्धतीने बनलेले. शाळेच्या एलसीमध्ये आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. रेशन कार्डात किंवा आधारमध्ये कोणीतरी सवयीने सुनीताचं सुनीताबेन आणि रमेशचं रमेशभाई करून ठेवलेलं असतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका, पवार कुठे डब्ल्यूने कुठे व्हीने, जाधव मधला एच कुठे आहे कुठे नाही, एकाच घरात बापाचं एक आणि मुलीचं एक. आपण माणसात वागताना ह्यातलं काहीच खटकत नाही, पण पासपोर्टच्या काउंटरवर बेन लावलेली बाई आणि बेन नसलेली बाई ह्या दोन वेगळ्या व्यक्ती धरतात. तर माझा सल्ला असा की जुना पासपोर्ट बरोबर असेल, त्याच नावावर व्हिसे असतील, मुलांच्या पासपोर्टात आईबापाचं नाव तसंच असेल, तर पासपोर्टला हात लावू नका, जसंच्या तसं नाव ठेवून री-इश्यू करा आणि आधार दुरुस्त करून पासपोर्टशी जुळवून घ्या. आधार दुरुस्त करणं तुलनेने सोपं आहे. पासपोर्टात नाव बदलायला गेलात की ती पर्सनल पर्टिक्युलर्स म्हणजे वैयक्तिक माहिती बदलल्याची केस होते, कागद वाढतात, वेळ वाढतो. आणि हे सगळं अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी करा, काउंटरवर उभं राहून आधार दुरुस्त होत नाही.

फॉर्ममध्ये गिव्हन नेम आणि सरनेम असे दोन वेगळे रकाने असतात. सरनेमचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात कोंबू नका, जुन्या काही पासपोर्टांत तसं झालेलं आहे आणि त्याचा त्रास आता होतो, यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा द्यायचं बंद केलंय. तसा तुमचा असेल तर मात्र रिन्यू करतानाच दुरुस्त करून घ्या, मी वर म्हटलं हात लावू नका त्याला हा अपवाद. लग्नानंतर मुलीने नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही, माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, फक्त तिकीट त्याच नावाने काढा.

जन्माच्या ठिकाणाचंही सांगते. शहराचं अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं, त्याच्या आधी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर आणि पुष्कळांच्या जुन्या पासपोर्टवर इंग्रजीत बरोडा आहे. जुन्या पासपोर्टवर जे छापलंय तेच टाइप करा, तुमच्या बाजूने सुधारणा करू नका.

पत्त्याचं सोपं आहे. पत्ता बदलला असेल, समजा पासपोर्टवर दांडिया बाजारचं जुनं घर आहे आणि आता मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहता, तर नवीन पत्त्याचा पुरावा द्या, आधार, लाइट बिल, गॅसचं कनेक्शन, फोटोवालं बँक पासबुक ह्यातलं काहीही. सध्या जिथे राहता तोच पत्ता द्यायचा, कारण चौकशी तिथे होते आणि पासपोर्ट पण तिथेच येतो. मुलगा पुण्याला शिकत असेल तर त्याला इथे बोलवायची गरज नाही, २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. कागदांमध्ये मुख्य म्हणजे जुना ओरिजिनल पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स, ऑब्झर्व्हेशनचं, म्हणजे पासपोर्ट ऑफिसने शेरा लिहिलेलं, पान असेल तर त्याची पण, सगळ्यांवर स्वतःची सही. पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जायच्या आधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का असेल आणि तुम्ही दहावी पास असाल तर मार्कशीट नेऊन तो ह्याच वेळी काढून घ्या, गल्फमध्ये नोकरीला जाणाऱ्यांना ह्याचा फार फायदा होतो. रेल्वे, रिफायनरी अशा सरकारी नोकरीत असाल तर ऑफिसला आधी कळवल्याचं प्रायर इंटिमेशन लेटर जोडा, एनओसीसाठी महिनोन्महिने थांबायची गरज नाही.

फी मोठ्यांना ३६ पानांचे १५००, ६० पानांचे २०००, लहान मुलांचे १०००. तात्काळ पाहिजे तर वर २०००. हरवला किंवा फाटला-भिजला असेल तर ३६ पानांचे ३००० लागतात, म्हणून पासपोर्ट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवा आणि पोरांच्या हातात देऊ नका. फी ऑनलाइन भरली की अपॉइंटमेंट मिळते. आपल्याकडचं काम अहमदाबादच्या रीजनल ऑफिसखाली चालतं पण त्यासाठी तिथे जायला लागत नाही, बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, आणि पोस्ट ऑफिसमधली केंद्रं पण आता ठिकठिकाणी झालीत, देशातली पहिली दोन २०१७ च्या जानेवारीत मैसूर आणि आपल्या जवळच्या दाहोदलाच सुरू झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि दिवाळीआधी स्लॉट मिळायला त्रास होतो, पावसाळ्यात काढा, निवांत होतं. तात्काळबद्दल एकच, ज्याला खरंच घाई आहे, आजारपण, ॲडमिशन, अचानक नोकरी, त्याने जरूर घ्यावं, बाकीच्यांनी वर्षभर आधी सुरुवात केली तर ते २००० वाचतात. एजंटची गरज नाही. फॉर्म तोच, साइट तीच, आणि केंद्रात शेवटी तुम्हालाच जावं लागतं.

केंद्रात वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, आधी पोचून उपयोग नाही. आत बहुतेक एकट्यालाच सोडतात, लहान मुलं आणि वयस्कर माणसांसोबत एक जण चालतो. तीन काउंटर असतात. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, बी वर कागद तपासतात, सी वर शेवटचा अधिकारी मंजुरी देतो. फोटो तिथेच काढतात म्हणून स्टुडिओत जायची गरज नाही, फक्त ४ वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा फोटो घरून न्यावा लागतो. गडद रंगाचे कपडे घाला कारण मागचा पडदा पांढरा असतो. आणि बायकांनो, बोटांच्या टोकांना मेंदी असेल तर ठसे नीट येत नाहीत, घरात लग्न असेल तर तारीख मेंदीच्या आधीची घ्या. ए काउंटरवर स्क्रीन तुमच्याकडे वळवून सगळी माहिती दाखवतात तेव्हा लाजू नका, घाई करू नका, मागे लाइन असली तरी नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, पत्ता, पिनकोड एकेक अक्षर वाचा, स्पेलिंग दुरुस्त करायची सगळ्यात सोपी जागा तीच आहे. निघताना जी स्लिप मिळते तिच्यावरचा फाइल नंबर सांभाळा, स्टेटस त्याच्यावरच कळतं.

पोलीस व्हेरिफिकेशन रिन्यूला कधी लागतं कधी नाही, ते तिकडे ठरतं. पत्ता तोच असेल, सगळं जुळत असेल तर बऱ्याचदा लागत नाही किंवा पासपोर्ट आल्यानंतर होतं. लागलं तर मोबाइल चालू ठेवा आणि वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा, कारण घर बंद मिळालं की रिपोर्ट अडकतो आणि त्यानंतर सगळं लांबतं. ओरिजिनल कागद एका फाइलमध्ये दाराजवळच ठेवा.

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो, केंद्रात हातोहात कोणाला देत नाहीत, आणि पोस्टमनही ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात देतो. त्या आठवड्यात गावाला जाऊ नका, पत्ता सापडला नाही किंवा घर बंद असलं तर पाकीट परत जातं. दारावर नावाची पाटी नसेल तर लावा, जुन्या वाड्यांमध्ये आणि नव्या टॉवरमध्ये दोन्हीकडे पोस्टमनला शोधावं लागतं. आता नवीन येणारे बरेचसे ई-पासपोर्ट आहेत, कव्हरवर खाली सोनेरी चिपची छोटी खूण असते, पण तुमच्याकडे जुना साधा असेल तर तो त्याच्या तारखेपर्यंत चालतोच, चिपसाठी मुद्दाम बदलायची गरज नाही. पाकीट उघडल्याबरोबर पुन्हा एकदा सगळं वाचा आणि मगच ठेवून द्या. नंबर नवीन असतो, जुना राहत नाही, तेव्हा आधीच काढलेलं तिकीट, इन्शुरन्स, मुलाच्या युनिव्हर्सिटीचे कागद, बँकेचं एनआरआय खातं, जिथे जिथे जुना नंबर दिलाय तिथे बदलून घ्या. जुना पासपोर्ट टाकू नका, त्यातले व्हिसे आणि शिक्के पुढच्या व्हिसाच्या फॉर्मला लागतात, मागच्या दहा वर्षांत कुठे गेलात ते विचारतात तेव्हा त्याच पानांवरून तारखा काढाव्या लागतात. आणि नव्याची एक्सपायरी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, पण एक वर्ष आधीची तारीख टाका.